आपल्या ब्रँडच्या नावाने दुसराच थैल्या विकत होता, तो प्रकार असा थांबला

नागपूरच्या बर्डी बाजारात एका गिऱ्हाईक काकूंनी थैली दाखवली. "ताई, आठ दिवसांत बंद उसवला." लेबल आमचंच, पण शिलाई एकेरी. आम्ही बंदाला चौकोन शिवून आत फुली मारतो. थैली नकली होती.

विक्रीच्या साइटवर फोटोंसह तीनदा तक्रार केली; दरवेळी ट्रेडमार्कचा, म्हणजे ब्रँडच्या नावाच्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक मागितला. ही नोंदणी मालाच्या प्रकारानुसार ठरलेल्या वर्गांत होते. कापड म्हणून वर्ग २४ मध्ये फक्त लोगोचा अर्ज केला, तोही चुकला. थैल्या वर्ग १८ मध्ये येतात. वर्ष वाया गेलं, फार मनस्ताप झाला.

मग या क्रमाने केलं. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी साइटवर वर्ग १८ मध्ये नाव शोधलं, सारख्या उच्चाराचंही. नंतर टीएम-ए हा नोंदणीच्या अर्जाचा फॉर्म ऑनलाइन भरला: लोगो नाही, नुसतं नाव, म्हणजे वर्डमार्क. व्यक्ती म्हणून अर्ज केला तर एका वर्गाला फी ४,५०० रुपये. 'वापर कधीपासून' इथे पहिल्या विक्रीची तारीख टाकली, सोबत प्रतिज्ञापत्र आणि तारखेची जुनी बिलं जोडली. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, बिलं जपून ठेवा. अर्ज तपासून नोंदणी कार्यालय पाठवतं त्या तपासणी अहवालाला ३० दिवसांच्या आत उत्तर दिलं. सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये अर्ज छापून आल्यावर इतरांना ४ महिने हरकतीची मुदत असते. हरकत आली नाही, प्रमाणपत्र मिळालं.

प्रमाणपत्र मिळेपर्यंत नावापुढे 'टीएम' (ट्रेडमार्क) लावता येतं; वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणीनंतरच.

तीच तक्रार क्रमांकासह पुन्हा टाकली. नकली थैल्या साइटवरून उतरल्या.