नोज आर्टचं मॉडेल करताय? आधी तारीख ठरवा, मग रंग काढा

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची मॉडेल्स करणाऱ्याचा हात कधी ना कधी नोज आर्टपाशी, म्हणजे विमानाच्या नाकावर रंगवलेल्या चित्रापाशी, अडतो. डिकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायचं छापील चित्र) फाटतं, रंग उमटत नाही, चित्र वाकडं बसतं. या चुका दुरुस्त तरी होतात. त्याहून मोठी चूक ब्रश उचलण्याआधीच झालेली असते: विमान कोणतं ते आपण ठरवतो, पण कोणत्या दिवशीचं ते ठरवत नाही. नाकावरचं चित्र एकदाच काढून संपत नसे. मोहीम झाली की चित्राशेजारी बॉम्बची एक खूण वाढे, शत्रूचं विमान पाडलं की एक खूण वाढे.

नागासाकीवर अणुबॉम्ब टाकणाऱ्या बॉक्सकारचंच घ्या. किटमध्ये डिकल असतं, ते आपण लावतो आणि खाली ‘९ ऑगस्ट १९४५’ अशी पाटी ठेवतो. त्या दिवशी या बी-२९ च्या नाकावर ते चित्र नव्हतंच. चित्रात सॉल्ट लेकहून निघालेला पंखवाला रेल्वेचा डबा आहे आणि दुसऱ्या टोकाला नागासाकी. पण विमान निघालं तेव्हा पहिलं लक्ष्य होतं कोकुरा! मग नागासाकी आधीच कोण रंगवणार? ते नंतरच आलं. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या एनोला गेचं उलट आहे. वैमानिक पॉल टिबेट्स यांनी आईचं नाव हिरोशिमाच्या आदल्या दिवशी, ५ ऑगस्टला लिहून घेतलं. तिथे ते हवंच.

२५ मोहिमा पूर्ण करणाऱ्या मेम्फिस बेल या अमेरिकन बी-१७ बॉम्बरच्या बाबतीत संदर्भाचे फोटो फसवतात. मूळ विमान युद्धानंतर कित्येक वर्षं मेम्फिसमध्ये उघड्यावर उभं होतं आणि पुन्हा पुन्हा रंगवलं गेलं. शिवाय चित्रपटासाठी त्याच नावाने रंगवलेली इतर बी-१७ विमानं आहेत. इंटरनेटवरचे कितीतरी रंगीत फोटो त्यांचेच असतात. संदर्भ घ्यायचा तर १९४३ चे फोटो घ्या, नाहीतर अमेरिकेतल्या डेटनच्या संग्रहालयात २०१८ मध्ये खुल्या झालेल्या मूळ विमानाचे. तिथे एक बारकावा डोळ्यांत भरतो: नाकावर दोन्ही बाजूंना एका मुलीचं चित्र आहे, पण डाव्या बाजूच्या मुलीचा पोशाख निळा आहे, उजव्या बाजूचा लाल. दोन्हीकडे एकाच रंगाची मुलगी लावलेली मॉडेल्स मी बरीच पाहिली आहेत, आणि दर वेळी टोनी स्टार्सर आठवतो. इंग्लंडमधल्या बासिंगबोर्न तळावर त्याने शंभराहून जास्त विमानं अशी रंगवली. त्याची एवढी कदर तरी आपण करायला हवी. आणि २५ बॉम्बांची पूर्ण रांग फक्त मे १९४३ च्या उत्तरार्धापासून पुढच्या विमानासाठी. हिवाळ्यातलं विमान करत असाल तर मोजून कमी करा.

चीनच्या बाजूने लढलेल्या अमेरिकन वैमानिकांच्या तुकडीचा, फ्लाइंग टायगर्सचा, विमानाच्या नाकावरचा शार्कचा जबडा सगळ्यांचा लाडका. तो त्यांनी शोधला, असं मात्र लिहू नका. उत्तर आफ्रिकेतल्या ब्रिटिश ११२ स्क्वाड्रनच्या विमानांचा फोटो पाहून त्यांनी तो घेतला, आणि ब्रिटिशांच्याही आधी तो जर्मन मेसरश्मिट ११० वर होता. त्यांच्या पी-४० लढाऊ विमानांवरचे जबडे हाताने रंगवलेले, त्यामुळे दातांची संख्या आणि डोळ्याची जागा विमानागणिक वेगळी. एकच डिकल सगळ्या विमानांना चालत नाही. डिस्नेच्या कलाकारांनी काढलेला पंखवाला वाघही जपून लावा. चीनमधल्या कुनमिंगवरची त्यांची पहिली चकमक २० डिसेंबर १९४१ ची. वाघ त्यानंतर आला.

आता टेबलावरच्या अडचणी. डिकलखाली चंदेरी झाक दिसते, कारण मॅट रंगाच्या खरखरीत पृष्ठभागात हवा अडकते. आधी ग्लॉस वार्निशचा हात द्या, तो पूर्ण सुकू द्या, मगच डिकल लावा. झाक आलीच तर बारीक सुईने टोचून सॉफ्टनरचा (डिकल मऊ करणाऱ्या द्रवाचा) थेंब सोडा. सॉफ्टनर लागलं की डिकल सुरकुततं आणि जीव खाली-वर होतो. त्या वेळी हात लावायचा नाही. माझ्या १/४८ प्रमाणातल्या पी-४० वरचा जबडा मी असाच बोटाने सपाट करायला गेलो आणि खालचे चार दात बोटाला चिकटून आले. हात लावला नसता तर अर्ध्या तासात तो आपोआप बसला असता.

घरच्या इंकजेटवर डिकल छापत असाल तर लक्षात ठेवा, त्यात पांढरी शाई नसते. ऑलिव्ह ड्रॅबवर, म्हणजे विमानाच्या मळकट हिरव्या रंगावर, मुलीचा चेहरा हिरवट होऊन गडप होतो. चित्राच्या आकाराचा पांढरा रंग आधी खाली द्या. जुनं, पिवळं पडलेलं डिकल थेट पाण्यात टाकू नका, तुकडे होतील. त्यावर आधी पारदर्शक लॅकर मारा.

आणि कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी जुलैत लॅकर वार्निश मारायची घाई करू नये. दमट हवेत ते दुधाळ होतं आणि त्याखालचं चित्र धुक्यात गेल्यासारखं दिसतं. कोरडा दिवस मिळेपर्यंत मॉडेल डब्यात झाकून ठेवा.