लंडनमधल्या गाण्यांच्या जागा एका दिवसात कशा बघायच्या

लंडनला गेलं की बीटल्स या बँडच्या ॲबी रोड अल्बमच्या कव्हरवरचा तो झेब्रा क्रॉसिंगवाला फोटो काढायचाच असतो सगळ्यांना, काढा की, पण त्यात आख्खा दिवस घालवू नका, त्याच दिवसात अजून पाचसहा जागा आरामात होतात आणि मला तर त्याच जास्त आवडल्या.

आधी एक गोष्ट, ते क्रॉसिंग ॲबी रोड नावाच्या रस्त्यावर, बीटल्सच्या रेकॉर्डिंग स्टुडिओसमोर आहे, पण मॅपवर नुसतं ॲबी रोड टाकून निघालात तर फसाल. त्याच नावाचं एक डीएलआर (लंडनची हलकी लोकल रेल्वे) स्टेशन आहे पण ते पार पूर्व लंडनात, क्रॉसिंगपासून कित्येक किलोमीटर लांब. तुम्ही मेट्रोच्या ज्युबिली लाइनने सेंट जॉन्स वुडला उतरा, तिथून पाचएक मिनिटं चालायचं. आणि जायचं सकाळी लवकर, नंतर तिथे फोटोवाल्यांची रांगच असते.

ओरिजिनल फोटो ८ ऑगस्ट १९६९ चा, फोटोग्राफर रस्त्याच्या मधोमध शिडीवर चढलेला, पोलिसाने गाड्या अडवून धरलेल्या आणि एवढं करून फोटो काढले फक्त सहा. तुमच्यासाठी पोलीस येणार नाहीये, त्यामुळे रस्त्यात उभं राहायचा शहाणपणा नको, फोटो काढणाऱ्याला फुटपाथच्या कडेला उभं करा आणि गाड्या थांबल्या की चाला. चालायचं स्टुडिओकडे पाठ करून, बीटल्स तसेच चालले होते. बीटल्समधला पॉल मॅकार्टनी व्हायचं असेल तर अनवाणी, आणि पाय बाकीच्यांच्या उलटा टाकायचा, हे बरेच जण विसरतात. स्टुडिओत आत सोडत नाहीत, बाहेरच्या भिंतीवर लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचा आणि निघा.

परत ज्युबिली लाइन, दोन स्टेशनं, बॉन्ड स्ट्रीट. तिथे ब्रूक स्ट्रीटवर २३ नंबरला वरच्या मजल्यावर गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्स १९६८-६९ मध्ये राहायचा आणि शेजारी २५ नंबरला त्याच्या दोनशे वर्षं आधी संगीतकार हँडल, 'मेसाया' रचणारा हँडल! दोन्ही घरांचं मिळून आता एक म्युझियम आहे. रोज उघडं नसतं म्हणून वेबसाइटवर वार बघूनच बाकीचा प्लॅन ठरवा.

तिथून चालत सॅव्हिल रो. ३ नंबरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ३० जानेवारी १९६९ ला बीटल्स चौघं मिळून शेवटचं लोकांसमोर वाजवले. खालून बघायला काहीच नाही खरं तर, पण त्या दिवशीही खालच्या लोकांना नुसता आवाजच येत होता, तेव्हा हेडफोन लावा आणि वर बघत दोन मिनिटं उभे राहा.

मग मागचीच गल्ली, हेडन स्ट्रीट. माझी सगळ्यात फेवरेट. गायक डेव्हिड बोवीच्या झिगी स्टारडस्ट अल्बमचं कव्हर इथे जानेवारी १९७२ मध्ये, थंडीतल्या रात्री काढलंय. आता सगळी हॉटेलं झालीत, पण २३ नंबरला पाटी आहे. शक्यतो अंधार पडल्यावर जा, दिवसा मजा नाही.

म्हणजे ऑर्डर थोडी बदलावी लागेल, रीजंट स्ट्रीट ओलांडून आधी सोहो करून या. बर्विक स्ट्रीट म्हणजे ओअॅसिस बँडच्या १९९५ च्या अल्बमचं कव्हर, मोबाईलवर कव्हर उघडून बिल्डिंगा जुळवत बसा. जवळच सेंट ॲन्स कोर्ट नावाचा बोळ आहे, तिथे ट्रायडंट स्टुडिओ होता, बीटल्सचं 'हे ज्यूड' गाणं तिथे रेकॉर्ड झालं कारण तिथे तेव्हा आठ ट्रॅकचं मशीन होतं.

पायात त्राण उरलं असेल तर डेन्मार्क स्ट्रीट पण करा, टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनला लागूनच आहे. रोलिंग स्टोन्स बँडचा पहिला अल्बम ४ नंबरच्या छोट्याशा रीजंट साउंड स्टुडिओत झाला. गिटारची दुकानं आहेत तिथे, भिंतीवरची गिटार स्वतः काढू नका, मागा, देतात.