प्राथमिक वर्गातल्या या चुका टाळा: वाचन, वजाबाकी आणि नोंदवही

दरवर्षी नवे शिक्षण सेवक (सुरुवातीच्या मानधनावरचे शिक्षक) शाळांवर रुजू होतात. डी.एड. झालेलं असतं, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास असते, पवित्र या सरकारी शिक्षकभरती पोर्टलवरून निवड झालेली असते. तरी वर्गात चुका त्याच त्याच होतात, आणि त्यांतल्या दोन अशा आहेत की त्यांचं नुकसान मुलाला आठवीपर्यंत पुरतं.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं स्पष्ट लिहिली आहेत. नियमित आणि वेळेवर हजर राहणं, अभ्यासक्रम ठरल्या वेळेत पूर्ण करणं, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरज असेल तिथे जादा शिकवणं, पालकांना भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणं. हजेरी आणि अभ्यासक्रम तपासायला हजेरीपट असतो, पाठाच्या तयारीची टाचणवही असते. ‘प्रत्येक मूल’ तपासलं का, हे विचारायला सहसा कोणी येत नाही. म्हणून नेमकं तेच सुटतं.

सगळा वर्ग एका सुरात वाचतो म्हणजे वाचता येतं असं समजणं

दुसरीचा वर्ग. बाई एक ओळ वाचतात, मुलं मागून म्हणतात. तीन-चार दिवसांनी बाई सांगतात, आता तुम्ही वाचा. वर्ग खडाखडा वाचतो. केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) भेटीला येतात, एका मुलीला उभं करतात, तीही कुठे न अडखळता वाचते. मग ते तिच्या शेजारी बसतात आणि लक्षात येतं, की तोंड तिसऱ्या ओळीवर आहे आणि बोट दुसऱ्या. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, हा कोणता शब्द? मुलगी ओळ पहिल्यापासून म्हणायला लागते, म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत पोचायला. तिला धडा पाठ आहे. वाचता येत नाही. बाई रोज तासभर वाचन घेतात, कष्टात कसूर नाही, पण त्या मुलीला एकटीला, न शिकवलेला मजकूर देऊन त्यांनी कधी ऐकलेलंच नसतं.

असं मूल चौथीपर्यंत सहज निभावतं. गोड आवाज, चांगली स्मरणशक्ती, स्वच्छ वही. पाचवीत मजकूर वाढतो, पाठ होईनासा होतो आणि मग ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मिळतो.

उपाय कंटाळवाणा आहे आणि त्याला पर्याय नाही: रोज ५ मुलं, प्रत्येकी दोन मिनिटं, एकेकटी. पहिली ते पाचवीला कायद्यानं ३० मुलांमागे एक शिक्षक धरला आहे, म्हणजे सोमवार ते शनिवार एक फेरी पूर्ण होते. बाकीची मुलं तोवर अनुलेखन किंवा जोडीवाचन करतात. मजकूर पाठ्यपुस्तकातला नको. मुलाला येणारीच अक्षरं घेऊन आदल्या दिवशी चार वाक्यं स्वतः लिहा. ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी सर्वेक्षणातल्या चाचणीचा क्रम इथे उपयोगी पडतो. सुरुवात चार सोप्या वाक्यांच्या परिच्छेदानं करायची. जमला तर त्याहून मोठी गोष्ट द्यायची. तीनपेक्षा जास्त चुका झाल्या किंवा मूल एकेक शब्द तोडून वाचायला लागलं, तर पाच सुटे शब्द द्यायचे. पाचांतले निदान चार आले नाहीत तर पाच अक्षरं. मूल कुठे थांबलं ते तारखेसह लिहायचं. ‘कच्चा’ असं लिहू नका. ‘शब्द येतात, वेलांटी-उकार गोंधळतात, रफार अजून नाही’ असं लिहा, म्हणजे उद्या काय घ्यायचं ते त्याच ओळीत मिळतं.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेच्या लक्ष्यांत दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणं अपेक्षित आहे. नवखे शिक्षक हा आकडा पाहून घड्याळ लावून वेग वाढवायला बसतात. वेग मागून येतो. जोडाक्षरात अडणाऱ्या मुलाला घाई केली की ते पहिलं अक्षर बघून अंदाजानं शब्द ठोकायला शिकतं, आणि ती सवय मोडायला वाचन शिकवण्याहून जास्त वेळ जातो.

‘समजलं का?’ हा प्रश्नही सोडून द्या. त्याचं उत्तर कायम ‘होऽऽ’ असतं. प्रश्न विचारा, मनात दहापर्यंत मोजा, सगळ्यांना पाटीवर उत्तर लिहायला लावा आणि ‘पाट्या वर’ म्हणा. पाट्या जुन्या झाल्या म्हणून बाजूला सारू नका. तीस उत्तरं एका नजरेत दाखवणारं याहून स्वस्त साधन शाळेत नाही.

वजाबाकीत फक्त ‘चूक’ म्हणणं

चुकलेल्या गणितावर लाल फुली मारून खाली बरोबर उत्तर लिहून देणं ही वही तपासण्याची सर्वांत निरुपयोगी पद्धत आहे. मुलाचं उत्तर जवळजवळ कधीच अंदाधुंद नसतं. ते एका नियमानं आलेलं असतं, फक्त नियम चुकीचा असतो.

५३ − २७ घ्या. बरोबर उत्तर २६. मूल ३४ लिहितं, तेव्हा त्यानं ‘३ मधून ७ जात नाहीत, मग ७ मधून ३ काढू’ असं केलेलं असतं. ३६ लिहितं, तेव्हा हातचा घेतलेला असतो, पण दशक एकानं कमी करायचा राहिलेला असतो. दोन्ही चुका, पण पहिल्या मुलाला दशक सुटा करणं म्हणजे काय तेच कळलेलं नाही आणि दुसऱ्याला फक्त नोंद ठेवायची सवय लावायची आहे. दोघांना एकाच ‘उपचारात्मक’ गटात बसवून तीच पाच गणितं परत दिली, तर पहिल्याचं काहीच भलं होत नाही.

चाचणीतले अंकही बघून निवडा. ५२ − २७ दिलं तर ७ मधून २ काढणाराही ३५ लिहितो आणि दशक कमी करायला विसरणाराही ३५ च लिहितो. एककांतला फरक ५ असला की दोन्ही चुका एकसारख्या दिसतात. ते उदाहरण निदानाच्या चाचणीत नको. शून्यासाठी ६० − ३४ ठेवा: ३४ आलं तर मुलानं ४ मधून ० काढला, ३० आलं तर ‘शून्यातून काही जात नाही, म्हणून शून्य’ असं धरलं, ३६ आलं तर दशक कमी केला नाही. तीन अंकांसाठी ५०४ − २६८. उत्तर २३६. २४६ लिहिणाऱ्यानं शतक सुटं केलं, पण त्यातला एक दशक एककाकडे गेल्यावर दशकस्थानी ९ उरतात हे त्याच्या हिशेबात नाही.

दुरुस्ती काड्यांनी करा. खराट्याच्या काड्या बोटभर लांबीच्या तोडायच्या, दहा-दहांचे गठ्ठे रबर लावून बांधायचे. चार मुलांच्या गटाला ६० काड्या पुरतात. ५३ म्हणजे पाच गठ्ठे, तीन सुट्या. २७ द्यायच्या आहेत, सुट्या पुरत नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडायचा. रबर मुलानं स्वतः काढायचं. गुरुजी पुढे उभे राहून गठ्ठा सोडून दाखवतात आणि मुलं बघतात, तेव्हा शिकतात ते गुरुजीच. गठ्ठा सुटला की त्याच क्षणी वहीत ५ खोडून ४ आणि ३ च्या जागी १३ लिहायचं. कृती एका दिवशी आणि लेखन दुसऱ्या आठवड्यात असं केलं, तर मुलाच्या डोक्यात त्या दोन वेगळ्या गोष्टी राहतात. गणिताच्या साहित्यपेटीतल्या प्लॅस्टिकच्या दशकाच्या दांड्या पहिल्या आठवड्यात काढू नका, कारण त्या सुटत नाहीत. गठ्ठ्यांवर हात बसला की अदलाबदलीसाठी दहाच्या आणि एकच्या खोट्या नोटा द्या.

‘शेजाऱ्याकडून एक उसना घ्या’ हे वाक्य घाईत असलेल्या शिक्षकांना फार आवडतं, कारण पंधरा मिनिटांत पान पूर्ण होतं. उसना घेतलेला एक अचानक दहा कसा झाला, याचं उत्तर त्या वाक्यात नाही.

संख्या लिहिण्यातली गफलत याच्या आधीची. ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो, म्हणून मूल ३५ लिहितं. ‘एकोणचाळीस’ला ४९ लिहितं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली आणि मोठा गदारोळ झाला. अडचण मात्र खरी आहे. दोन्ही म्हणून घ्या: ‘त्रेपन्न, पन्नास तीन’. लिहिताना दशकाचं घर आधी भरायचं.

तयार वर्णनात्मक नोंदी उतरवणं

मुलाची प्रगती गुणांऐवजी शब्दांत लिहायची, त्या वर्णनात्मक नोंदी. बाजारात त्यांच्या तयार पुस्तिका मिळतात, मोबाइलवर पीडीएफ फिरतात. ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य तीस मुलांपुढे लिहिलं, की नोंदवही पूर्ण आणि माहिती शून्य. हा आळस माफ करण्यासारखा नाही. एका मुलाची महिन्याला एकच नोंद करा, पण त्या मुलाचं नाव झाकलं तरी ते ओळखू आलं पाहिजे.

आता काही गोष्टी थोडक्यात.

मागे पडलेली मुलं मागच्या रांगेत बसवू नका. त्यांची पाटी तुम्हाला उभ्या उभ्या दिसली पाहिजे.

फळ्यावरची उत्तरं उतरवून घेणं म्हणजे लेखन नव्हे. स्वतःचं एक वाक्य, चुकलेलं का असेना, रोज हवं.

मारू नका, अपमान करू नका. कलम १७ नं दोन्ही गोष्टींना मनाई आहे, आणि घाबरलेलं मूल चूक लपवतं. मग निदान कशाचं करणार?

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी बोलणारी मुलं पहिलीत आली, की ‘बोलत नाहीत’ असं ठरवू नका. त्यांच्या घरातले वीस-पंचवीस शब्द पहिल्या आठवड्यात आपण शिकावेत. अंगणवाडीताई मदत करतात.

द्विशिक्षकी शाळेत दोन इयत्तांना आलटून पालटून वीस-वीस मिनिटं देऊ नका. भाषा आणि गणितासाठी तासभर इयत्ता विसरून पातळीनुसार गट करा.

आठवड्याच्या ४५ तासांत कायद्यानं तयारीचा वेळही धरला आहे. माहिती भरणं, लिंक, फोटो यांत तो वाहून जातो ही खरी तक्रार आहे, आणि कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांपलीकडची अशैक्षणिक कामं शिक्षकाला देता येत नाहीत. ते आपल्या केंद्रातल्या, म्हणजे शाळासमूहातल्या, शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत लेखी मांडा. पण पाच मुलांची दहा मिनिटं त्या कामाच्या नावाखाली सोडू नका.

पालकसभेत ‘अभ्यास घ्या’ असं सांगू नका. आईला मुलाची पाटी दाखवून सांगा, ‘ताई, ह्याला शब्द वाचता येतात, वाक्यात अडतो. रोज रात्री पाच वाक्यं तुमच्यासमोर मोठ्यानं वाचू द्या.’ आईला वाचता येत नसलं तरी मूल अडतंय की नाही हे ऐकू येतं. आणि हे इतर पालकांसमोर नको, बाजूला घेऊन सांगा.

पाचवीचा वर्ग मिळाला असेल तर एक गोष्ट जूनमध्येच करा. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास मुलाला निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा संधी मिळते, तीही गेली तर ते त्याच वर्गात राहतं. बरेच जण जानेवारीत जादा तास सुरू करतात आणि प्रश्नोत्तरं घोकून घेतात. शब्दाच्या पातळीवर अडलेलं मूल दोन-अडीच महिन्यांत परिसर अभ्यासाचा पेपर वाचू शकत नाही, कितीही घोकलं तरी. परिच्छेद न वाचणाऱ्यांची नावं जुलै संपायच्या आत हातात हवीत आणि त्यांचा पाऊण तास परिपाठानंतर लगेच, मुलं ताजीतवानी असताना घ्यावा. शाळा सुटल्यावर ठेवलेल्या तासाला नेमकी हीच मुलं थांबत नाहीत.