युरोपातील राजवाडे पाहायला जाण्याआधी घरी करावयाची तयारी

आता लातूर, नांदेड, परभणी अशा गावांतूनही माणसे मुलामुलींना भेटायला किंवा सहल कंपनीबरोबर युरोपला जाऊन येतात. परतल्यावर त्यांना तेथील राजवाड्यांविषयी विचारले, तर झुंबरे, सोन्याचा मुलामा आणि गर्दी यांपलीकडे फारसे काही सांगता येत नाही. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या मला याचे मनापासून वाईट वाटते. मी पहिल्यांदा फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्यात गेलो तेव्हा सहलीच्या आयोजकांनी एकूण दोन तास दिले होते. त्यांतला पाऊण तास रांगेत गेला आणि बागेच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचून मागे फिरावे लागले. दुसऱ्या खेपेला जाण्याआधी मी छत्रपती संभाजीनगरात बसून दोन महिने तयारी केली, आणि त्याच दालनांतून फिरताना मला तेथील माणसांचे जगणे दिसू लागले. ती तयारी कशी करावी, हे येथे सविस्तर सांगतो.

एक दोनशे पानी वही घ्यावी आणि एकच घराणे निवडावे. ब्रिटन, स्पेन, नेदरलँड्स, बेल्जियम, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या सात देशांत आजही राजघराणी गादीवर आहेत. फ्रान्स, ऑस्ट्रिया, जर्मनी आणि रशियातील गाद्या गेल्या, पण वाडे उरले. सगळीच घराणी एकदम समजून घ्यायला गेलो, तर नावांचा गोंधळ होऊन हाती काहीच लागत नाही. माझा सल्ला असा की, व्हिक्टोरिया राणीपासून सुरुवात करावी, कारण तिच्या नऊ अपत्यांच्या सोयरिकींतून युरोपातील बहुतेक दरबार एकमेकांशी जोडले गेले.

वंशावळ काढताना मराठीतील नात्यांचे शब्द वापरावेत. इंग्रजी पुस्तकांत एकाच शब्दात गुंडाळलेली नाती आपल्या भाषेत लगेच उलगडतात. १९१४ साली महायुद्धात उतरलेल्या तीन सम्राटांचेच पाहावे. ब्रिटनचा पाचवा जॉर्ज आणि रशियाचा दुसरा निकोलस हे सख्खे मावसभाऊ, कारण दोघांच्या आया डेन्मार्कचा राजा नववा ख्रिश्चन याच्या मुली होत्या. जर्मनीचा दुसरा विल्हेल्म हा जॉर्जचा आतेभाऊ, कारण विल्हेल्मची आई ही जॉर्जच्या वडिलांची थोरली बहीण. निकोलसची पत्नी ॲलिक्स ही व्हिक्टोरियाच्या ॲलिस नावाच्या मुलीची मुलगी, म्हणून ती जॉर्जची आतेबहीण आणि विल्हेल्मची मावसबहीण. हे चार धागे वहीत काढून झाले की, युद्धाच्या धगीत पाचव्या जॉर्जने १७ जुलै १९१७ रोजी घराण्याचे जर्मन नाव टाकून विंडसर हे नाव का घेतले, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. याच वंशावळीत रक्त न गोठण्याचा आजार व्हिक्टोरियाच्या मुलींमार्फत स्पेन आणि रशियाच्या घराण्यांत कसा गेला, तेही लाल शाईने दाखवता येते.

पाण्याचा माग

आता वही मिटून छत्रपती संभाजीनगरातील पाणचक्कीला जावे. मी हे अनेकांना सांगतो आणि अनेकांना ते विचित्र वाटते. पण दुष्काळ पाहिलेल्या माणसाने कोणत्याही राजवाड्यात विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे की, येथे पाणी कोठून आले. पाणचक्कीत दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येते, स्वतःच्याच दाबाने उंच भिंतीवर चढते आणि हौदात कोसळते. त्या धारेच्या जोरावर खालची पाती फिरून पिठाचे जाते फिरत असे. तेथे अर्धा तास उभे राहून पाण्याची उंची, उतार आणि वेग यांचा संबंध डोळ्यांनी समजून घ्यावा. मलिक अंबरने या शहरासाठी बांधलेल्या नहरीचे अवशेष पाहता आले, तर अधिक चांगले.

हा धडा घेऊन व्हर्सायकडे पाहावे. फ्रान्सच्या तेराव्या लुईने १६२३ साली तेथे शिकारीसाठी लहानसे घर बांधले होते. ती जागा मोठ्या नदीपासून दूर होती, आणि चौदाव्या लुईला तेथे शेकडो कारंजी हवी होती. सेन नदीवर मार्ली येथे १६८४ साली एक अवाढव्य यंत्र उभे राहिले: चौदा पाणचक्रे, दोनशेहून अधिक पंप, आणि दीडशे मीटरहून अधिक उंचीवर चढवलेले पाणी. एवढे करूनही सगळी कारंजी एका वेळी चालत नसत. राजा बागेत फिरायला निघाला की कारंज्यांचे कारागीर शिट्टी वाजवून पुढच्याला इशारा देत. राजा ज्या कारंज्याजवळ येई ते सुरू होई आणि तो पुढे गेला की बंद होई. पाण्याच्या पाळ्या लावणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पुढे १६८५ पासून एर नदीचे पाणी आणण्यासाठी हजारो सैनिकांना कालव्याच्या कामाला जुंपले गेले. दलदलीच्या तापाने त्यांतले कित्येक मेले, युद्ध सुरू होताच काम थांबले, आणि मँतनों येथे त्या अपुऱ्या जलवाहिनीच्या कमानी आजही उभ्या आहेत. बाग पाहताना हा हिशेब मनात असावा, असे मला फार वाटते.

याच्या उलट रशियाच्या पीटरहॉफ राजवाड्यात एकही पंप नाही. पीटर द ग्रेट १७१७ साली व्हर्साय पाहून आला होता, आणि त्याने सुमारे वीस किलोमीटरवरच्या उंच भागातून कालव्याने पाणी उतारावर आणून, केवळ उंचीच्या फरकावर कारंजी चालवली. इटलीतील कासेर्टाच्या राजवाड्यासाठी वान्विटेल्ली या वास्तुविशारदाने ३८ किलोमीटरची जलवाहिनी बांधली. पाणचक्की समजलेली असेल, तर या तिन्ही ठिकाणांची तुलना वहीच्या एका पानावर मावते.

राजाचा दिवस आणि राजाचा छंद

१६८२ हे वर्ष वहीत मोठ्या अक्षरांत लिहावे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये औरंगजेब दख्खनच्या मोहिमेसाठी औरंगाबादेत दाखल झाला, आणि ६ मे रोजी चौदाव्या लुईने आपला दरबार व्हर्सायला हलवला. एकाने पुढची पंचवीस वर्षे छावण्यांत काढली, तर दुसऱ्याने सरदारांनाच आपल्या घरात आणून बसवले. लुईचा दिवस सकाळी साडेआठच्या सुमारास मुख्य सेवकाच्या हाकेने सुरू होई. त्यानंतर उठणे, तोंड धुणे, कपडे चढवणे हा सगळा विधी ठरलेल्या क्रमाने आत येणाऱ्या दरबाऱ्यांसमोर होई, आणि राजाच्या हाती सदरा देण्याचा मान हजर असलेल्यांतील सर्वांत वरच्या दर्जाच्या माणसाला मिळे. रात्री निजण्याचाही असाच सोहळा असे. मुघल बादशहा झरोक्यात येऊन रयतेला दर्शन देत, आणि ती प्रथा औरंगजेबाने बंद केली, हे आठवले म्हणजे व्हर्सायमध्ये राजाच्या शयनगृहात पलंगासमोर असलेला लाकडी कठडा नुसती शोभेची वस्तू वाटत नाही. त्याच्या अलीकडे कोण उभे राहील आणि पलीकडे कोण जाईल, यावर घराण्यांची पत ठरत असे. आरसेमहालातील ३५७ आरसे पाहण्याच्या घाईत लोक हे दालन दोन मिनिटांत ओलांडतात. येथे किमान वीस मिनिटे थांबावे.

व्हिएन्नात याच्या अगदी विरुद्ध चित्र दिसते. तेथील शॉनब्रुन राजवाड्यात एकूण १,४४१ खोल्या आहेत, पण फ्रान्झ जोसेफ हा सम्राट साध्या लोखंडी खाटेवर झोपे, पहाटे चारच्या आसपास उठे आणि दिवसभर टेबलाशी बसून कागदपत्रे हातावेगळी करी. १८४८ ते १९१६ असे अडुसष्ट वर्षांचे राज्य त्याने जवळजवळ कारकुनाच्या शिस्तीने केले आणि त्याच राजवाड्यात प्राण सोडला. शहरातील हॉफबुर्ग राजवाड्यात त्याची पत्नी एलिझाबेथ हिच्या खोलीत दाराच्या चौकटीला व्यायामाच्या कड्या टांगलेल्या आहेत. त्या नक्की पाहाव्यात.

छंदांसाठी वहीत वेगळी पाने राखून ठेवावीत, कारण राजपदाने न निवडलेली, त्या माणसाची स्वतःची आवड तेथेच सापडते. शिकार आणि घोडे सर्वत्र आढळतात, म्हणून त्यांवर फार वेळ घालवू नये. सोळावा लुई कुलपे बनवीत असे. पीटर द ग्रेट लाकूड आणि हस्तिदंत लेथ यंत्रावर फिरवून वस्तू घडवी. प्रशियाचा फ्रेडरिक द ग्रेट पॉट्सडॅममधील सांसुसी या छोट्या वाड्यात बासरी वाजवी. पाचवा जॉर्ज टपाल तिकिटे जमवी, आणि १९०४ साली, युवराज असताना, त्याने मॉरिशसचे दोन पेन्सचे निळे तिकीट १,४५० पौंडांना घेतले. नॉर्वेच्या पाचव्या ओलाफने १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये नौकाशर्यतीत सुवर्णपदक मिळवले. नेदरलँड्सचा आजचा राजा विलेम-अलेक्झांडर अनेक वर्षे प्रवासी विमानांत सहवैमानिक म्हणून काम करीत आला.

छंदाची सर्वांत सुंदर खूण मला स्टॉकहोमजवळच्या ड्रॉटनिंगहोम राजवाड्यात दिसली. तेथील नाट्यगृह १७६६ चे असून रंगमंचाखालची लाकडी यंत्रणा अजून चालते. समुद्र दाखवण्यासाठी पिळाच्या आकाराचे लांब लाकडी दंडगोल एकामागे एक मांडलेले आहेत. ते हाताने फिरवले की लाटा पुढे सरकताना दिसतात, आणि ढगांच्या गडगडाटासाठी दगड भरलेली लाकडी पेटी कलंडवली जाते. नाटकांवर जीव असलेल्या स्वीडनच्या राजा तिसऱ्या गुस्ताव्हच्या काळात हे नाट्यगृह भरभराटीला आले. १७९२ साली मुखवट्यांच्या नृत्यसभेत त्याच्यावर गोळी झाडली गेली आणि काही दिवसांनी तो मरण पावला.

आपल्या भागाशी थेट जोडलेल्या वस्तू शोधण्याचीही सवय लावावी. २० नोव्हेंबर १९४७ रोजी ब्रिटनची युवराज्ञी एलिझाबेथ हिचा विवाह झाला. हैदराबादच्या सातव्या निजामाने तिला लंडनमधील कार्तिए या पेढीतून आहेर निवडायला सांगितले, आणि तिने हिऱ्यांचा हार व मुकुट निवडला. मुकुट पुढे मोडून त्याचे हिरे दुसऱ्या दागिन्यात बसवले गेले. हार मात्र टिकून आहे. त्या नोव्हेंबरात मराठवाडा निजामाच्याच अमलाखाली होता, येथला शेतसारा त्याच्याच खजिन्यात जात होता, आणि आपली माणसे मुक्तिसंग्रामात तुरुंग सोसत होती. आपल्याला मुक्ती मिळायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. त्या हाराचे छायाचित्र पाहताना मला नेहमी ही तारीख आठवते. दुसरे ठिकाण म्हणजे इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरील, व्हिक्टोरिया राणीचा वाडा असलेले ऑस्बोर्न हाउस. तेथील दरबार दालनाची नक्षी लाहोरच्या भाई राम सिंग यांनी रेखली. म्हातारपणी व्हिक्टोरिया अब्दुल करीम या आपल्या सेवकाकडून हिंदुस्तानी भाषा शिकत होती, आणि २२ जानेवारी १९०१ रोजी ती याच वाड्यात वारली.

प्रवासाची आखणी

हा भाग थोडक्यात सांगतो. ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि युरोपातील शेंजेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा, वेगळा, त्यामुळे दोन्हीकडे जायचे तर दोन अर्ज करावे लागतात. शेंजेनचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल त्याच्याकडे करावा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे देण्यासाठी मुंबई किंवा पुण्याला जावे लागते, तेव्हा रेल्वेचे आरक्षण आणि अर्जाची वेळ जुळवूनच तारीख घ्यावी.

बंद असण्याचे वार मात्र काटेकोरपणे तपासावेत. व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद असतो, विंडसर किल्ला सहसा मंगळवारी आणि बुधवारी. व्हर्सायची कारंजी मोसमात ठरावीक दिवशीच सुरू असतात, म्हणून वेळापत्रक पाहूनच तिकीट काढावे. बकिंगहॅम राजवाड्यातील दरबारी दालने प्रामुख्याने उन्हाळ्यात उघडतात. ही सोय १९९३ साली सुरू झाली, कारण आदल्या वर्षीच्या २० नोव्हेंबरला विंडसरला मोठी आग लागली होती आणि दुरुस्तीसाठी पैसा उभारायचा होता. छतावर राजाचे स्वतःचे निशाण फडकत असेल तर राजा आत आहे असे समजावे, आणि राष्ट्रध्वज असेल तर तो बाहेर आहे. एका दिवसात एकच राजवाडा पाहावा. सकाळचे पहिले तिकीट घ्यावे आणि दुपारनंतरचा वेळ बागेसाठी ठेवावा.

व्हिएन्नातील शेवटची सकाळ काप्युचिन मठाच्या तळघरासाठी, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजघराण्याच्या दफनस्थळासाठी, राखून ठेवावी, आणि त्याआधी घरून निघण्यापूर्वी एकदा खुलताबादला जाऊन यावे. बीबी का मकबरा उभारला गेला औरंगजेबाच्या पत्नीसाठी, आणि तो स्वतः मात्र खुलताबादच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आभाळाखाली, मातीच्या साध्या कबरीत आहे. काप्युचिन तळघरात ऑस्ट्रियाची महाराणी मारिया थेरेसा आणि तिचा पती यांची प्रचंड दुहेरी शवपेटी आहे. तिच्यावर दोघे अर्धवट उठून एकमेकांकडे पाहत आहेत, आणि भोवती शिल्पांची दाटी आहे. तिच्या पायथ्याशी त्यांचा मुलगा दुसरा जोसेफ याची तांब्याची साधी पेटी आहे, जिच्यावर जवळजवळ काहीच कोरलेले नाही. याच जोसेफने १७८४ साली प्रजेसाठी तळाशी झडप असलेली, पुन्हा पुन्हा वापरता येणारी शवपेटी सक्तीची केली होती, आणि लोक खवळल्यावर त्याला तो हुकूम मागे घ्यावा लागला. दोन्ही पेट्या एकाच नजरेत दिसतील अशा जागी उभे राहून वहीत रेखाटन करावे, आणि समोरच्या पानावर खुलताबादचे आधीच काढलेले रेखाटन असू द्यावे. तळघरात गारवा असतो, म्हणून सोबत शाल ठेवावी.