नॉक्स कंट्रीत घराबाहेर पडण्यापूर्वीची तयारी

'प्रोजेक्ट झोम्बॉईड' हा झोम्बींपासून, म्हणजे चालत्याफिरत्या प्रेतांपासून, जीव वाचवण्याचा संगणकीय खेळ जुलै १९९३ मध्ये, अमेरिकेतील केंटकी राज्याच्या नॉक्स कंट्री नावाच्या कल्पित भागात सुरू होतो, आणि तुमचा मृत्यू कसा झाला त्याची ही हकिगत आहे असे तो पहिल्याच पडद्यावर सांगून टाकतो. सामान शोधायला निघताना बहुतेक नवे खेळाडू हातात कोणते हत्यार आहे ते आधी पाहतात. माझ्या मते अंगात किती त्राण उरले आहे ते आधी पाहावे. पुढील तपशील खेळाच्या ४१व्या बिल्डमधील (आवृत्तीतील) मूळ सेटिंग्जना धरून आहेत.

निघण्यापूर्वी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातील चिन्हे नीट वाचावीत. दम लागलेला असेल किंवा झोप अनावर झालेली असेल तर फटक्यातील जोर घटतो, आणि एरवी सहज आडवा होणारा झोम्बी तीन-चार फटके खाऊनही उभा राहतो. अशा वेळी फेरी दुसऱ्या दिवसावर ढकलणे हेच शहाणपणाचे. वेदनेमुळे झोप लागत नसेल तर वेदनाशामक गोळी घेऊन झोपावे. पावसात भिजलेले कपडे घरात शिरताच बदलावेत, कारण सर्दी झालेले पात्र कपाटाआड दबा धरून बसले असतानाही शिंकते आणि त्या आवाजाने शेजारच्या खोलीतील झोम्बी वळतो. सर्दी झालीच, तर टिश्यू पेपर हातात धरावा. त्याने शिंकेचा आवाज दबतो.

कपडे निवडताना चामड्याचे जाकीट, जीन्स आणि पूर्ण बाह्या यांना प्राधान्य द्यावे. फाटलेली जागा सुई-दोऱ्याने ठिगळ लावून बुजवावी, कारण भोकातून ओरबाडा थेट कातडीवर बसतो. पाठीवरची पिशवी जाताना जवळपास रिकामी असावी. ओझे वाढले की चाल मंदावते, दम लवकर लागतो आणि ओझे फारच झाले तर प्रकृतीही ढासळू लागते. म्हणून टीव्ही, खुर्ची, जड हत्यारांचा दुसरा संच अशा वस्तूंचा मोह गाडी मिळेपर्यंत आवरावा.

औषधोपचाराच्या सामानाबाबत मात्र कंजुषी करू नये. फाडलेल्या चादरीच्या पट्ट्या, त्यातील काही उकळत्या पाण्यात किंवा दारूने निर्जंतुक केलेल्या, जंतुनाशकाची बाटली, चिमटा, टाके घालण्याची सुई आणि दोरा एवढे प्रत्येक फेरीत सोबत हवेच. जखम झाली की आरोग्याचा तक्ता उघडून ती कोठे आणि कशी आहे ते पाहावे: काच रुतली असेल तर आधी चिमट्याने काढावी, जखम खोल असेल तर टाके घालावेत, आणि त्यानंतरच पट्टी बांधावी. हाड मोडले असेल तर फळी आणि फडक्याने आधार द्यावा. मळलेली पट्टी वेळेवर बदलावी. तसे न केल्यास जखम चिघळते, दुखते आणि भरायला फार वेळ लावते.

चिघळलेली जखम आणि झोम्बीकडून आलेला, माणसाला झोम्बी बनवणारा नॉक्स संसर्ग या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर प्रतिजैविके किंवा रानलसणाचा लेप चालतो, दुसऱ्यावर काहीच चालत नाही. झोम्बीच्या ओरबाड्यातून संसर्ग होण्याची शक्यता ७ टक्के, कातडी फाटल्यास २५ टक्के आणि चाव्यातून १०० टक्के असते. म्हणजे ओरबाडा निघाल्यावर हाय खाऊन पात्र सोडून देणे निव्वळ अविचाराचे आहे. बहुतेक वेळा ते वाचते, फक्त त्याला पट्टी आणि विश्रांती द्यावी लागते.

घरात शिरताना आधी दार, मग न फोडता उघडणारी खिडकी पाहावी. फोडावीच लागली तर चौकटीतील काचा काढून मगच चढावे. अलार्म वाजला तर काहीही न उचलता तेथून दूर जावे. स्वयंपाकघरातून डबाबंद अन्न आणि ते उघडण्याचा ओपनर घ्यावा, न्हाणीघरातील औषधांचे कपाट मात्र कधीही वगळू नये. पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे घिरट्या घालणारे हेलिकॉप्टर झोम्बींना आपल्यामागे खेचत आणते. त्या सुमारास फेरी आखू नये.

वीज आणि नळाचे पाणी पहिल्या महिन्याभरात केव्हाही बंद होते, त्यामुळे भांडी आणि बाटल्या पहिल्याच दिवशी भरून ठेवाव्यात. पावसाचे पाणी उकळूनच प्यावे. जनरेटर चालवण्याची माहिती देणारे मासिक दिसेल तेथे उचलावे, आणि जनरेटर नेहमी घराबाहेर ठेवावा, कारण बंद खोलीत त्याच्या धुराने जीव जातो.

चावा बसलाच तर पात्राकडे साधारण दोन-तीन दिवस असतात. ज्वर चढण्यापूर्वी औषधे, अन्न आणि हत्यारे तळावरील एका कपाटात नीट लावावीत आणि तळापासून लांब जावे. त्याच जगात नवे पात्र घेऊन परतता येते, आणि त्याला ते कपाट भरलेले मिळते.