परस्पर संमतीने घटस्फोट : अटी कशा ठरवाव्यात

‘वडील मुलाला दोघांच्या सोयीने भेटतील.’ संमतीच्या अटींच्या मसुद्यात हे वाक्य दिसलं की मी ते खोडायला सांगते. भांडण वाढू नये म्हणून माणसं असं मोघम लिहितात आणि पहिल्याच दिवाळीत सोय कोणाची, यावरून पुन्हा वकिलाकडे येतात.

आधी वेळेचा हिशोब. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली अर्ज करायचा तर किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. एका घरात असूनही नवरा-बायको म्हणून नांदत नसाल, तर तेही वेगळं राहणंच. अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. पण अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहून झालं असेल, समेटाची आशा नसेल आणि पोटगी, मुलाचा ताबा सगळं मिटलेलं असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानुसार न्यायालय हा काळ माफ करू शकतं. म्हणून अटी आधी, अर्ज मागून.

घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर मात्र समोरासमोर बोलणीला बसू नका. आधी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जा.

बोलणीला माहेर-सासरची दहा माणसं नकोत. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात, मध्यस्थही मिळतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा; महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. बसण्याआधी दोघांनी आपापला पगार, कर्ज, ठेवी, विमा कागदावर मांडावं. पोटगीच्या दाव्यात मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं. त्याचाच नमुना भरला की आकड्यांवरून होणारी खडाजंगी बरीच कमी होते.

आता मूल. इथे घाई करू नका, हातात कॅलेंडर घेऊन बसा. ‘दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी १० ते रविवारी संध्याकाळी ६, सोडायला वडील येतील, आजारपणात चुकलेली भेट पुढच्या शनिवारी.’ असं लिहा. गणपती एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी. रोजच्या व्हिडिओ कॉलची वेळ, शाळेच्या पालकसभेला कोण जाणार, पासपोर्टच्या अर्जावर कोण सही करणार, हेही. मुलाचा खर्च वेगळ्या कलमात लिहा: रक्कम, तारीख, दरवर्षीची वाढ, कॉलेजची फी. आईने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलाचा हक्क तिला सोडता येत नाही.

स्त्रीधनाची यादी वजनासह करा. ‘सोन्याचे दागिने’ एवढं पुरत नाही. ‘पाटल्या दोन, ४० ग्रॅम’ असं हवं. वस्तू परत देताना यादीखाली दोघांच्या सह्या.

फ्लॅटवर बहुतेकांची गाडी अडते. ‘घर पत्नीला, हप्ते पती भरेल’ असं तुम्ही दोघांनी ठरवलं तरी बँक त्याला बांधील नसते. कर्जात दोघांची नावं असतील तर हप्ता थकल्यावर बँक दोघांनाही धरते. म्हणून सहकर्जदाराचं नाव कमी करून घेणं किंवा कर्ज फेडणं कधीपर्यंत, ते तारखेसह लिहा. हक्कसोडपत्राची, म्हणजे फ्लॅटमधला आपला हिस्सा सोडल्याच्या दस्ताची, नोंदणी वेगळी करावी लागते.

पोटगी एकरकमी ठरली तर निम्मा डिमांड ड्राफ्ट पहिल्या जबाबाला, निम्मा शेवटच्या तारखेला. अंतिम हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, तेव्हा सगळे पैसे आधी देऊन बसू नका आणि सगळे शेवटी घेण्यावर अडूनही राहू नका. दाखल झालेल्या प्रत्येक केसचा नंबर अटींमध्ये घाला. पत्नीच्या छळाचा गुन्हा (जुनं कलम ४९८-अ, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) दाखल असेल तर तो रद्द करून घ्यायला दोघांना उच्च न्यायालयात जावं लागेल.

निकाल लागला की हुकूमनाम्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती काढून ठेवा. बँक, पासपोर्ट कार्यालय, मुलाची शाळा, सगळीकडे तीच मागतात.