पुण्यात बसून केल्कायाच्या बर्फाची माघार कशी मोजावी
पेरूमधील केल्काया हिमटोपीची (डोंगरमाथा झाकणाऱ्या बर्फाच्या विस्तीर्ण थराची) माघार पुण्यातील महाविद्यालयाच्या संगणकावरही मोजता येते. लँडसॅट या अमेरिकी भूनिरीक्षण उपग्रहमालिकेची दोन विनामूल्य उपग्रहचित्रे घ्यावीत, एक १९८०च्या दशकातील व दुसरे अलीकडचे. दोन्ही जुलै-ऑगस्टमधील असावीत, कारण आपल्याकडे पावसाळा असताना तिथे कोरडा ऋतू असतो, आणि एरवी पडलेले ताजे हिम बर्फाची खरी कड झाकून क्षेत्र फुगवून दाखवते. हे पथ्य काटेकोरपणे पाळावे. त्यानंतर चित्राच्या प्रत्येक चौकटीसाठी (पिक्सेलसाठी) हिरव्या व लघुतरंग-अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशपट्ट्यांतील परावर्तनाच्या फरकाला (हिरवा वजा अवरक्त) त्यांच्या बेरजेने भागावे, ०.४ पेक्षा अधिक मूल्याची चौकट, म्हणजे जमिनीवरचे ९०० चौरस मीटर, बर्फाची धरावी. माघारलेल्या बर्फाच्या पायथ्याशी साचलेली सरोवरे मात्र डोळ्यांनी तपासून वगळावीत, कारण पाण्याचेही मूल्य जास्त येते. दोन्ही चित्रांतील बर्फाच्या क्षेत्रफळांतील फरक म्हणजे माघार.